जीजीजी क्रिस्टलची घनता दर वेळी वेगळी यायलीय? क्रिस्टलला दोष द्यायच्या आधी हे बघा

लातूरच्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधे मी काम करतो आणि गेली तीन वर्षं एकच प्रॉब्लेम पुन्हा पुन्हा बघतोय, दर वर्षी नवीन पोरं प्रोजेक्टला येतात, डब्यातले गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटचे म्हणजे जीजीजीचे तुकडे काढतात, आर्किमिडीजच्या पद्धतीनं (हवेतलं वजन भागिले पाण्यात बुडवल्यावर वजनात येणारी घट) घनता मोजतात आणि दुपारी तोंड पाडून येतात की सर, सकाळी ६.९८ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आली होती, आता ७.१३ येऊ लागलीय, पुस्तकात तर ७.०८ लिहिलंय, क्रिस्टलच खराब आहे काय? क्रिस्टल खराब नाहीये. नीट वाढवलेल्या क्रिस्टलची घनता सकाळ-दुपार बदलत नसते, बदलतंय ते आपलं मोजमाप, आणि कुठं कुठं बदलतंय ते शोधायला मला लई वेळ लागला म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी ७.०८ हा आकडा येतो कुठून ते समजून घ्या, नाहीतर कशाशी ताडून बघायचं तेच कळत नाही. जीजीजीच्या फॉर्म्युल्यात ३ गॅडोलिनियम, ५ गॅलियम आणि १२ ऑक्सिजन, सगळं मिळून मोलर वजन १०१२.३५ ग्रॅम. क्यूबिक युनिट सेलमधे, म्हणजे क्रिस्टलमधे पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकोनी ठोकळ्यात, असे ८ फॉर्म्युले बसतात, म्हणजे एका सेलमधे १६० अणू, आणि सेलची बाजू १२.३८३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). आठ फॉर्म्युल्यांचं मोलर वजन अ‍ॅव्होगॅड्रोच्या आकड्यानं भागा, मग सेलच्या घनफळानं भागा, कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः करून बघा, ७.०८ च येतं. मी प्रत्येक पोराला हे हातानं करायला लावतो कारण एकदा हे स्वतः केलं की तो आकडा पुस्तकातला राहत नाही, आपला होतो.

आता खरा मुद्दा. सबस्ट्रेटचा, म्हणजे ज्याच्यावर दुसरे पातळ थर वाढवतात त्या चपट्या क्रिस्टलचा, तुकडा किती असतो? १० बाय १० मिलिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर. घनफळ ५० घन मिलिमीटर. वजन साधारण ३५४ मिलिग्रॅम. आणि पाण्यात बुडवल्यावर वजनात घट येते ती फक्त ५० मिलिग्रॅम. सगळा हिशोब ह्या ५० मिलिग्रॅमवर उभा आहे, हवेतल्या वजनात एक मिलिग्रॅम चुकला तर काही बिघडत नाही पण घटीत एक मिलिग्रॅम चुकला की सरळ २ टक्के गेले, म्हणजे ७.०८ च्या जागी ६.९४ नाहीतर ७.२२. आमच्याकडं आधी तीन दशांशाचा काटा होता, म्हणजे एक मिलिग्रॅमपर्यंतच वाचणारा, त्याच्यावर एका पातळ तुकड्याची घनता काढणं म्हणजे डोळे मिटून बाण मारण्यासारखं होतं. तुमच्याकडं तसाच काटा असेल तर बाकीचं पुढचं वाचायच्या आधी चार-पाच तुकडे एकदम घ्या, घट २००-२५० मिलिग्रॅम होते आणि चूक तेवढीच राहते. फक्त एकाच जातीचे असल्याची खात्री पाहिजे, आणि एकावर एक चपाती ठेवल्यासारखे ठेवू नका, पॉलिश केलेल्या दोन चपट्या बाजूंच्या मधे हवेचा पातळ थर अडकतो तो ब्रशनं पण निघत नाही. जाळीत उभे, सुटे सुटे ठेवा.

घनता कमी येत असेल, ६.९ किंवा ७.० च्या आसपास, तर शंभरात नव्वद वेळा बुडबुडाच असतो. मला हे मान्य करायला वेळ लागला कारण डोळ्यांना दिसतच नव्हता. एकदा संध्याकाळी लाइट गेली तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावला, तो बीकरच्या बाजूनं आडवा पडला आणि तुकड्याच्या एका कोपऱ्यात, जिथं कापताना टवका उडालेला होता तिथं, खसखशीच्या दाण्याएवढा एक चमकता ठिपका दिसला. बस. एक मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्याचं घनफळ अर्धा घन मिलिमीटरच्या वर असतं, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम उठाव, ५० मधे अर्धा म्हणजे एक टक्का, ७.०८ चं ७.०१ झालं. त्या एका दाण्यानं आमचा आख्खा आठवडा खाल्ला होता. तेव्हापासून टॉर्च आडवा धरल्याशिवाय कुणालाच रीडिंग लिहू देत नाही, वरून बघून काही दिसत नाही, आडव्या उजेडातच बुडबुडा चमकतो.

बुडबुडा येतो कामून तर पाण्यात विरघळलेली हवा. थंड पाणी लॅबच्या उष्णतेत ठेवलं की हवा बाहेर निघते आणि क्रिस्टलच्या खरबरीत कडेला चिकटते. उपाय साधा आहे, डिस्टिल्ड वॉटर पंधरा मिनिटं चांगलं उकळा, झाकण ठेवून गार होऊ द्या, ओतताना बीकरच्या कडेनं हळू ओता, खळखळ करू नका. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, एकच, पाणी क्रिस्टलवर पसरायला लागतं. तुकडा तिरपा करून कडेकडनं पाण्यात सोडा, सपाट टाकला की खाली हवा घेऊनच जातो. मग बारीक चित्रकलेच्या ब्रशनं चारी कडा झाडून घ्या. एवढं केलं तर बुडबुडा राहत नाही. आणि बोअरचं पाणी वापरायचा मोह टाळा. २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्याकडं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणायची वेळ आली होती, तेव्हा डिस्टिलेशन प्लँटला थंड करायला पाणी सोडणं बरोबर वाटायचं नाही हे मला पटतं, पण बोअरच्या पाण्यात क्षार लई, वाळल्यावर क्रिस्टलवर पांढरी पापडी बसते आणि पुढच्या प्रत्येक मोजणीत ती तुमच्या सोबत राहते. कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते एक लिटर महिनाभर पुरतं.

बुडबुड्याच्या जोडीनं दुसरं कारण म्हणजे मेण. हे तुकडे कापताना काचेवर राळ-मेणाच्या मिश्रणानं चिकटवलेले असतात आणि मागच्या बाजूला, जिथं पॉलिश नसतं तिथं, त्याचा पातळ थर राहतो. अर्धा मिलिग्रॅम मेण म्हणजे पण अर्धा घन मिलिमीटर, पुन्हा तेच ७.०२. बुडबुडा आणि मेण ह्यांच्यातला फरक असा की बुडबुडा दर वेळी वेगळा आकडा देतो आणि मेण दर वेळी तोच चुकीचा आकडा देतं, म्हणून मेणाचा आकडा खरा वाटतो. तुकडा अ‍ॅसिटोनमधे अर्धा तास ठेवा, पुसा, वजन करा, पुन्हा ठेवा, वजन करा, दोन वजनं सारखी येईपर्यंत. जीजीजीला अ‍ॅसिटोननं काही होत नाही. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि जवळ बर्नर नको.

तिसरी गोष्ट तार. आम्ही आधी नायलॉनचा दोरा वापरायचो, मासे धरायला वापरतात तो, जाडी ०.२ मिमी. पाणी जिथं दोऱ्याला टेकतं तिथं पृष्ठताण त्याला खाली ओढतो, आणि ०.२ मिमीच्या दोऱ्याला ही ओढ जवळजवळ साडेचार मिलिग्रॅमची असते. वजन शून्य करताना ती पण शून्य होते हे खरं, पण दोरा एकदा ओला, एकदा अर्धा कोरडा, एकदा तेलकट बोट लागलेला असला की ओढ बदलते आणि ५० मधल्या साडेचारचा पाव हिस्सा जरी हलला तरी २ टक्के. मी मोटार वाइंडिंगवाल्याकडनं ४२ नंबरची तांब्याची तार मागून आणली, ०.१ मिमी, त्यानं पैसे पण घेतले नाहीत. ओढ निम्म्यावर आली. साबणाच्या थेंबानं अजून कमी होते. तार प्रत्येक वेळी सारखीच बुडली पाहिजे, बीकरवर मार्करनं रेघ मारून ठेवा.

इथपर्यंत केलं की घनता कमी येणं थांबतं. पण मग आमच्याकडं उलटं सुरू झालं, जास्त यायली. आणि गंमत म्हणजे जुनी वही काढून बघितली तर डिसेंबर-जानेवारीत ७.०९ आणि एप्रिल-मे मधे ७.१२, दर वर्षी. एक पोरगं म्हणालं सर उन्हानं क्रिस्टल प्रसरण पावत असेल. चांगला विचार होता पण दिशा उलटी, प्रसरण पावलं तर घनता कमी होईल, आणि किती होईल ते पण बघा, जीजीजीचा प्रसरणाचा गुणांक अंशाला एक लाखाव्या भागाच्या जवळपास, म्हणजे १५ अंशांनी घनफळ साधारण १० हजारांत ४ भाग वाढतं, आकडा ७.०८ चा ७.०७७ होईल. दिसणार पण नाही. बदलतं ते पाणी. आम्ही पाण्याची घनता सरळ १ धरत होतो. २० अंशाला ती ०.९९८२ असते, २५ ला ०.९९७०, ३० ला ०.९९५७, ३५ ला ०.९९४०, ४० ला ०.९९२२. आपल्याकडं मे महिन्यात लॅबमधलं पाणी ३५ च्या खाली नसतंच दुपारी. उदाहरण बघा, हवेत ०.३५४० ग्रॅम, घट ०.०४९७ ग्रॅम, भागाकार ७.१२. त्याला ०.९९४० नं गुणलं की ७.०८. वहीतले सगळे जुने आकडे मी तापमान लावून पुन्हा काढले आणि उन्हाळा-हिवाळा फरक गेला, त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

पण थर्मामीटर पाण्यातच बुडवा, भिंतीवरच्या तापमानावर जाऊ नका. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की उघड्या बीकरमधलं पाणी बाष्पीभवनानं खोलीपेक्षा गार राहतं, माठातलं पाणी गार राहतं त्याच कारणानं. मी स्वतः सकाळी सातच्या आत मोजतो, पंखा बंद ठेवून, कारण पंख्याची हवा तारेला झुलवते. आणि लाइट जाऊन आली असेल तर काट्याला तासभर तसाच चालू राहू द्या, लगेच मोजलं की आकडा हळूहळू सरकत राहतो. हवेचा पण थोडा उठाव असतो, तो धरला तर ०.००७ चा फरक पडतो, तिसऱ्या दशांशात लिहायचं असेल तर धरा.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तापमान लावून, बुडबुडे काढून, बारीक तार लावून पण मागच्या वर्षी एका पोरीची घनता सतत ७.१५ येऊ लागली. ती फार नीट काम करणारी, म्हणून मी तिच्या हाताला दोष दिला नाही. तिला म्हणलं ताई, क्वार्ट्‌झचा तुकडा लाव. क्वार्ट्‌झ बरोबर २.६५ आला. पुन्हा जीजीजी, पुन्हा ७.१५. म्हणजे काटा बरोबर, पाणी बरोबर, तार बरोबर, फक्त जीजीजीच चुकायलंय. दोन दिवस काही सुचलं नाही. आमचा काटा लाकडी टेबलावर आहे, टेबलाला भोक पाडलंय, काट्याच्या पोटाखालच्या हुकाला तार लावून खाली बीकरमधे सोडतो. लॅबमधले मामा बीकर उंचीला यावा म्हणून खाली काहीतरी ठेवतात, आधी लाकडी ठोकळा होता, तो कुणीतरी नेला, म्हणून त्यांनी मॅग्नेटिक स्टिरर ठेवला होता. बंद. पण बंद स्टिररच्या आत चुंबक तर असतोच ना.

गॅडोलिनियमच्या आयनमधे सात सुटे इलेक्ट्रॉन असतात. जीजीजी साध्या तापमानाला पॅरामॅग्नेटिक आहे, म्हणजे चुंबकाकडं ओढलं जातं, आणि साधंसुधं नाही, चांगलं जोरात. क्वार्ट्‌झला चुंबकाचं काही वाटत नाही पण जीजीजीला स्टिररचा चुंबक खाली ओढत होता, अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास ओढ पुरेशी होती, तेवढ्यानं पाण्यातलं वजन जास्त दिसतं, घट कमी दिसते आणि घनता फुगते. ह्यात जास्त तुकडे घेऊन पण फायदा नाही, कारण तुकडे वाढले की ओढ पण त्याच प्रमाणात वाढते. स्टिरर काढला, खाली दोन विटा ठेवल्या, ७.०८ आली. ती पोरगी आणि मी दोघं कितीतरी वेळ त्या आकड्याकडं बघत बसलो.

तुम्हाला खात्री करायची असेल तर तुकडा दोऱ्याला टांगा, झुलणं थांबू द्या, आणि निओडिमियमचा छोटा जोरदार चुंबक हळूच जवळ न्या, तुकडा चुंबकाकडं येतो, डोळ्यांनी दिसतं. टर्बियम गॅलियम गार्नेट, म्हणजे लेसरच्या आयसोलेटरमधे वापरतात ते टीजीजी, त्याला तर अजून जोरात ओढ बसते कारण टर्बियमच्या आयनचं मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे त्याची चुंबकी ताकद, गॅडोलिनियमपेक्षा मोठं. सराफ्यातल्या एका ओळखीच्या काकांना पण मी हे दाखवलं. १९७० च्या दशकात जीजीजी हिऱ्याच्या नकलेसाठी पैलू पाडून विकायचे, अपवर्तनांक १.९७, चमक चांगली, पण हिऱ्याची घनता ३.५२ आणि ह्याची ७.०८, हातातच जड लागतो, आणि चुंबकाकडं सरकतो. हिरा किंवा अमेरिकन डायमंड म्हणून मिळणारा झिर्कोनियाचा खडा सरकत नाही. काकांनी त्या दिवशीच एक चुंबक दुकानात ठेवला.

म्हणून माझा क्रम असा झालाय, आधी क्वार्ट्‌झ मोजायचं, ते २.६५ आलं तरच गार्नेट लावायचं, आणि क्वार्ट्‌झ बरोबर पण गार्नेट जास्त असं दिसलं की आजूबाजूला चुंबक शोधायचा, स्पीकर, मोबाइलचं चुंबकवालं कव्हर, काहीपण.

सगळं नीट करून पण दुसऱ्या दशांशात ७.०९, ७.१० असं येत असेल तर त्याला चूक म्हणू नका. वितळलेल्यातनं जीजीजी ओढून वाढवताना, साधारण १७३० अंश सेल्सिअसला, इरिडियमच्या क्रुसिबलमधे (वितळवायच्या भांड्यात), गॅलियम ऑक्साइड थोडं उडून जातं आणि तसंही क्रिस्टल बरोबर ३ ला ५ अशा प्रमाणात जमत नाही, थोडं गॅडोलिनियम जास्तीचं गॅलियमच्या जागी जाऊन बसतं, ३.०५ ला ४.९५ असं. गॅडोलिनियम मोठं म्हणून सेल पण फुगते, बरोबर प्रमाणातल्या क्रिस्टलची १२.३७६ आणि ह्याची १२.३८३. जास्तीचं गॅडोलिनियम हिशोबात धरलं तर घनता ७.११ पर्यंत जाते. म्हणजे ७.०८ ते ७.११ ही जागा खऱ्या क्रिस्टलची आहे. ६.९ नाही, ७.२ पण नाही.

एवढा आटापिटा कशासाठी असं काही जण विचारतात, एक-दोन टक्क्यांनी काय होतं. ह्या कुटुंबात, म्हणजे गॅडोलिनियमच्या जागी त्याच्यासारखंच दुसरं मूलद्रव्य असलेल्या गॅलियम गार्नेटांत, होतं. सेलच्या बाजूवरून हिशोब केला तर निओडिमियमवालं ६.६१, समेरियमवालं ६.८५, गॅडोलिनियम ७.०८, टर्बियम ७.१८, आणि पार यिटर्बियमला गेलं की ७.७ च्या वर. पुढं पुढं जाईल तसा अणू जड होत जातो आणि आयन मात्र लहान होत जातो, वजन वाढतं आणि खोली आकसते, म्हणून घनता दोन्ही बाजूंनी चढते. समेरियम आणि गॅडोलिनियमच्या मधे फक्त ३ टक्के आहेत. एका मोठ्या बुडबुड्यात आणि थोड्या मेणात ते ३ टक्के सहज जातात.

आमच्या डब्यात एक तुकडा होता ज्याची चिठ्ठी कधीच गळून पडली होती, सगळे त्याला जीजीजीच समजायचे. जुन्या वहीत त्याच्या नावासमोर चार वेळा ६.८६, ६.८४ असे आकडे आणि प्रत्येकावर काट मारून बाजूला लिहिलेलं, बुडबुडा, पुन्हा घेणे. ह्या फेब्रुवारीत आम्ही तो उकळलेल्या पाण्यात, ४२ नंबरच्या तारेवर, विटांवरच्या बीकरमधे, टॉर्च आडवा धरून मोजला. ६.८५. पांढऱ्या कागदावर ठेवून दुसऱ्या तुकड्याशेजारी बघितला तर हलकी पिवळी झाक होती. एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी सेल मोजायच्या तपासणीला, पाठवला, सेलची बाजू १२.४३ आली. समेरियम गॅलियम गार्नेट. ज्यानं ते आकडे काढले होते त्यानं चारही वेळा बरोबर मोजलं होतं. मी वहीतल्या त्या चार ओळींखाली लाल पेननं आकडे पुन्हा लिहिले, तारीख टाकली, आणि डब्यावर नवीन चिठ्ठी लावली.